पाण्यावरचं अंगण

मारिख्येच्या घराला मागलं दार होतं, आणि त्या दारापुढे दरसाल जरा जरा खोल जाणारं अंगण होतं.

घर खांबांवर उभं. लाकडाचे लांबच लांब खांब, पार खाली कठीण थरापर्यंत ठोकलेले. त्यामुळे घर जागचं हलत नसे. अंगण मात्र गावच्या काळ्या मातीवर नुसतं अंथरलेलं. ती माती म्हणजे मुळं, पाती, शेवाळ कुजून कुजून झालेला भिजका कापूस. पाणी तर इतकं वर, की खड्डा खणला की तळाशी आधी आभाळ दिसावं. गावातल्या सगळ्याच घरांची हीच तऱ्हा. घरं उभी, अंगणं निजलेली, आणि निजल्या निजल्या खाली सरकणारी.

त्यूनिस होता तोवर मारिख्येला याचं काही वाटलं नव्हतं. काही वर्षं गेली, अंगण खचलं, की तिचा नवरा विटा काढायचा, गाडीभर वाळू पसरायचा, पुन्हा विटा बसवायचा. इतर ठिकाणी लोक भिंतींना रंग काढतात तसं या गावात लोक अंगण उचलतात. "यंदा आमचं उचलायचंय हो," असं पाव घेताना दुकानात सांगतात, आणि दुकानदार मान डोलावतो, कारण त्याचंही उचलायचं असतं.

त्यूनिस गेला आणि अंगण एकटंच खाली जात राहिलं. दारातली पायरी आधी टाचेएवढी होती, मग घोट्याएवढी झाली, मग निम्म्या पोटरीला लागली. मारिख्येने बिअरच्या बाटल्यांचा रिकामा क्रेट उलटा घालून पायरी केली. हिवाळ्यात एका सकाळी त्या क्रेटवर दहिवर गोठलं होतं आणि तिच्या हातात धुण्याची टोपली होती. धुणं करवंदीसारख्या काटेरी कुंपणात गेलं आणि मारिख्ये विटांवर. गुडघा काळानिळा झाला. तिने कोणाला सांगितलं नाही. पण भिंतीला भिंत लावून राहणारा बास्त्यान स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी पीत उभा होता, आणि बास्त्यानने पाहिलेली गोष्ट गुप्त राहत नसते.

मार्चात मारिख्येचा वाढदिवस आला. खोलीत रिवाजाप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या होत्या. येणारा प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करत होता, जणू सगळेच एकदम म्हातारे झाले होते. कॉफी फिरली, केकचा एक एक तुकडा फिरला. आणि भर मंडळीत तिच्या लेकीने, लिडेवाईने, कप खाली ठेवला.

"आई, तुझं नाव मी घातलंय."

"कुठे? थडग्यावर?"

"आई! शहरातल्या त्या नव्या इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, बाल्कनी आहे, घरभर एकसुद्धा उंबरा नाही."

"उंबरा नसलेल्या जागेत सामान ठेवतात, लिडेवाई. माणसं नाही."

बास्त्यान केकचा घास तोंडात घेऊनच हसला आणि त्याला ठसका लागला.

"काका, हसू नका. तुम्हीच सांगितलंत ना मला, ती पडली म्हणून?"

"मी 'पडली' असं नाही म्हटलं," बास्त्यान डोळे पुसत म्हणाला. "मी म्हटलं, धुण्याबरोबर उडाली."

लिडेवाईचा नवरा एव्हर्ट आता पुढे सरकला. तो वरच्या, उंच मुलखातला, जांभळ्या झुडपांच्या माळरानावर वाढलेला. तिकडची वाळू खळ्यासारखी घट्ट. मनाने चांगला होता. फक्त सगळं जग आपल्या माळासारखं आहे असं त्याला वाटायचं.

"आई, खरं सांगू का, ते अंगण एकदाच नीट करायला हवं. चांगलं दणदणीत मोठं यंत्र आणायचं, दाबून काढायचं, विषय संपला. लग्नाच्या वर्षी मी आमच्या दारातलं केलं, अजून केसभर हललेलं नाही."

"तुमच्याकडे जमीन आहे, एव्हर्ट. आमच्याकडे नुसती सवय आहे."

"मग मी येतो शनिवारी, यंत्र घेऊनच—"

"तू येऊ नकोस. माझं अंगण मी उचलीन."

चमचे थांबले.

"तू?" लिडेवाई म्हणाली.

"मी. का? तुझे वडील काय आईच्या पोटातून विटा बसवत आले होते?"

लिडेवाईचे कान लाल झाले. लहानपणीही ते असेच व्हायचे, आणि तसे झाले की ती मागे हटत नसे. ते आईकडूनच घेतलेलं होतं. "ठीक आहे. पिंक्स्टरच्या सणाला, सोमवारी आम्ही येऊ. भरल्या कपांचा ट्रे हातात घ्यायचा आणि खाली न बघता मागल्या दारातून बाहेर पडायचं. जमलं, तर तुझं नाव मी स्वतः काढते. नाही जमलं, तर ते लोक किल्ली देतील तेव्हा घ्यायची. तोंडातून शब्द काढायचा नाही."

"काढणार नाही."

"सगळ्यांनी ऐकलंय."

"मी साक्षीदार," बास्त्यानने बशी पुढे केली. "पण आणखी एक तुकडा लागेल. कोरड्या तोंडाने मी साक्ष देत नसतो."

*

ईस्टर झाला, पिंक्स्टर सात आठवड्यांवर आला. पाणी अडवणाऱ्या उंच बांधावर मेंढ्यांची पोरं उड्या मारायला लागली. मारिख्येने गुडघ्याखाली जुनी उशी घेतली आणि विटा काढायला बसली. एक एक वीट घासून भिंतीशी रचली. वाळूची गाडी आली तशी फावड्याने ओढून, फळीने सारखी करून, दोरी ताणून तिने ती पसरली. सगळं त्यूनिस करायचा तसंच. त्याने कधी तिला शिकवलं नव्हतं, पण जन्मभर दोरीचं दुसरं टोक तिच्याच हातात होतं.

पसरलेली वाळू दाबायची राहिली. त्यूनिसची हाताने ठोकायची जड लाकडी धुम्मस परसातल्या खोपटात होती. मारिख्येने ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. हट्ट होता, पण खांदाही स्वतःचाच होता.

बांधाच्या पलीकडे यंत्रं भाड्याने देणाऱ्यांचं आवार होतं. बाजारात गुरं उभी असावीत तशी यंत्रं तिथे ओळीने उभी. लोखंडी रूळ बैलासारखा मान खाली घालून. एका पायावर उड्या मारणारं, अरुंद चर ठोकायचं यंत्र बोकडासारखं. मग सपाट बुडाच्या, जमिनीवर थरथरत चालणाऱ्या प्लेटा: थोराड, मधल्या आणि कोपऱ्यात एक बारकी. आवार सांभाळणारी खेर्दा नावाची बाई चिंध्यांनी हात पुसत आली.

"काय करायचंय?"

"अंगण."

"जमीन कसली?"

"वाळू," मारिख्ये म्हणाली. आठवडाभर तिने दुसरं काय पाहिलं होतं?

"आणि वाळूखाली?"

"वाळूखाली आणखी वाळू. माझ्या नवऱ्याने घातलेली."

"मग प्लेट घ्या. चिकणमाती असती तर हा उड्या मारणारा दिला असता. वाळूला थरथर हवी." खेर्दाने मधल्या यंत्राच्या पाठीवर थाप मारली. "ही न्या. ती मोठी तुम्हाला हाताळायला जड जाईल."

"मला म्हणजे?"

"म्हणजे... बहुतेक बायका—"

"बहुतेक बायका कोण, मला माहीत नाही. मला ती मोठी द्या."

खेर्दाने तिच्याकडे पाहिलं, मोठ्या प्लेटकडे पाहिलं आणि खांदे उडवले. मागे-पुढे करायचा दांडा कुठला, बंद कसं करायचं, सगळं नीट दाखवलं. वाळूखालचा प्रश्न तिनेही पुन्हा विचारला नाही.

शनिवारी सकाळी आवारातल्या माणसाने ते धूड बोळातून आणून वाळूवर सोडलं. मारिख्येने कानांवर लोकरीची टोपी ओढली, दांडा धरला आणि यंत्र सुरू केलं. दातांपासून टाचांपर्यंत ती हलली. पण काय चाललं होतं ते! पुढे गेलं की वाळू मागे पाटासारखी घट्ट. एक फेरी, दुसरी फेरी. ती स्वतःशीच हसत होती. एव्हर्ट बरोबर होता म्हणा, पण एव्हर्ट इथे नव्हता, आणि यंत्राच्या मागे ती होती.

मग वाळूला चमक आली.

आधी तिला ऊन वाटलं. पण ऊन नव्हतं, वाळू घामेजली होती. थरथर खोल गेली होती आणि खालचं पाणी तिच्या हाकेला ओ देत वर येत होतं. पुढच्या फेरीला सगळं अंगण खरवसाच्या वडीसारखं डुलायला लागलं. तेव्हा थांबायला हवं होतं. मारिख्ये थांबली नाही. 'बहुतेक बायका' तिच्या डोक्यात घोंघावत होत्या. तिने दांडा आणखी दाबला. यंत्राचा एक कोपरा खाली गेला, मग दुसरा, आणि ते धूड पोट टेकून, एक उचकी देऊन बंद पडलं.

शांततेत बास्त्यानचं दार उघडलं. त्याच्या हातात निळ्या नक्षीच्या थाळीचे दोन तुकडे होते.

"मारिख्ये, भूकंप तुझा का?"

"माझा."

"ही माझ्या आईची थाळी. दोन युद्धं भिंतीवर लटकून काढली बिचारीने."

"चिकटव मग."

"चिकटवीन. पण आधी तू बाहेर ये. तुझे बूट दिसत नाहीत."

*

रविवारी त्या गावात कोणी काम करत नाही. धुणं वाळत पडत नाही, गवत कापलं जात नाही. रुतलेलं यंत्र ओढणं तर लांबच. आणि देवळाचा रस्ता बांधावरून जातो, सगळ्यांच्या अंगणांच्या वरून. सकाळच्या प्रार्थनेला अवघं गाव काळे कोट आणि टोप्या घालून त्या बांधावरून गेलं. खाली मारिख्येच्या अंगणात ते धूड एका अंगावर कलून बसलं होतं, दलदलीत बसकण मारलेल्या म्हशीसारखं. कोणी एक शब्द बोललं नाही. टोप्या मात्र एकमेकींकडे झुकून पुष्कळ बोलल्या.

मारिख्येही मान ताठ ठेवून देवळात गेली, ठरल्या जागी बसली आणि खणखणीत आवाजात गायली. परत येताना ती दफनभूमीत त्यूनिसपाशी थांबली. त्याला काय सांगावं? तुझं अंगण मी बुडवलं? ती पायांखाली बघत उभी राहिली. दफनभूमीतल्या वाटा शिंपल्यांच्या आहेत, समुद्रातून उपसून आणलेल्या पांढऱ्या शिंपल्यांच्या. तिच्या लहानपणापासून त्या तशाच. वाटेच्या कडेचे दगड मात्र खाली गेले होते, पार मातीत तोंड घालून बसले होते. पांढरी वाट त्यांच्यावर उठून दिसत होती. मारिख्येने ते पाहिलं, आणि पाहिलं एवढंच.

घरी येऊन ती मागल्या दारात उंबऱ्यावर बसली, पाय क्रेटवर. फोन वाजला.

"आई, बास्त्यानकाका म्हणत होते—"

"बास्त्यानलाही पुरायला जागा आहे इथे."

"आई, मी चेष्टा करत नाहीये. हे तुझं काम नाही गं. किल्लीचं पत्र कधीही येईल."

"पिंक्स्टर अजून आला नाही, लिडेवाई."

तिने फोन ठेवला आणि बसून राहिली. दुसरं करायचं काय? रविवार होता. समोर बघण्यासारखं एकच होतं, म्हणून ती यंत्राकडे बघत राहिली. सकाळी त्याचा दांडा बेरीच्या झुडपाच्या पहिल्या फांदीला लागत होता. आता फांदी वर होती आणि दांडा खाली.

ती ताठ बसली.

त्याला कोणी चालवलं नव्हतं. कोणी हातही लावला नव्हता. ते नुसतं तिथे होतं. जड असणं, एवढाच त्याचा गुन्हा, आणि तेवढ्यावर ते दिवसभर खाली चाललं होतं.

आणि वाळू?

वाळू तरी काय हलकी असते? गाडीभर वाळू, मग आणखी गाडीभर, एका थरावर दुसरा थर. खाली तो भिजका कापूस, आणि त्याच्या छातीवर त्यूनिसचं सगळं आयुष्य. जितकं उचलावं तितकं ओझं, आणि जितकं ओझं तितकं खाली. उचलता उचलता तो बिचारा जन्मभर अंगण बुडवत आला होता, दोरीचं दुसरं टोक धरून तीही, आणि डावी-उजवीकडची सगळी घरं, सगळं गाव. वाळू, वाळू म्हणत.

मारिख्येला हसू आलं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मग तिने नाक पुसलं. बांधावरून संध्याकाळच्या प्रार्थनेची मंडळी निघाली होती. आता टोप्या झुकल्या तेव्हा तिने उंबऱ्यावरूनच हात हलवला.

*

सोमवारी एव्हर्ट फळ्या आणि दोर घेऊन आला. तिने त्याला फोनवर बजावलं होतं: यंत्र ओढायला ये, अंगण करायला नको. चिखलात उतरून त्याने आणि बास्त्यानने ते धूड फळ्यांवर चढवलं. वर येताना ते चिखलातून असं काही पचकन सुटलं की बास्त्यान म्हणाला, "गाय व्याली."

एव्हर्ट कपाळ पुसत खड्ड्याकडे बघत राहिला. "आई, माझंच चुकलं. मोठं यंत्र मीच डोक्यात भरवलं. आता असं करू, आणखी दोन गाड्या वाळू—"

"नाही. वाळू काढायची."

"काढायची?"

"सगळी."

"मग उरेल काय?"

"खड्डा. निदान तो तरी माझ्या अकलेचा असेल."

एव्हर्टने बास्त्यानकडे पाहिलं. बास्त्यान घाईने दोन पावलं मागे सरकला. "माझ्याकडे टाकू नका हं ती. मी आधीच तिच्यापेक्षा खाली आहे."

"तुझ्या माळावर ने, एव्हर्ट," मारिख्ये म्हणाली. "बिचारी माहेरी तरी जाईल."

आणि एव्हर्टने नेली. गाडीला ट्रेलर जोडून तो संध्याकाळी येई, तिने दिवसभर उपसलेली वाळू भरून नेई, आणि लिडेवाईला यातलं काही सांगत नसे. मारिख्ये खणत राहिली. वाळूखाली वाळू, तिच्याखाली तांबड्या विटांची विसरलेली एक ओळ, पुन्हा वाळू. आणि अगदी तळाशी, पाण्याला टेकलेल्या, पिवळ्या फरश्या. तिच्या लग्नाच्या वेळचं अंगण. तिने हाताने पुसून पाहिलं. ते अजून सपाट होतं. एक फरशी इकडची तिकडे झाली नव्हती. फक्त खाली होतं. ती त्यांच्यावर अनवाणी उभी राहिली. काळं थंडगार पाणी तिच्या बोटांवरून वाहिलं. मग तिने एक एक करून फरश्या काढल्या, कारण फरशीलाही वजन असतं.

काळ्या मातीवर तिने जाड विणीचं कापड अंथरलं, आणि दफनभूमीतल्या न खचलेल्या पांढऱ्या वाटा आठवून नदीच्या धक्क्यावरून शिंपल्यांचा ढीग आणवला. तो घमेल्यात भरून उचलला तेव्हा तिला वाटलं घमेलं रिकामंच आहे. समुद्राचा वास घरात शिरला. बास्त्यान कुंपणावरून वाकला.

"मारिख्ये, इथे पोहायची शाळा काढतेस की काय?"

"तुला पहिला प्रवेश."

मग ती पुन्हा बांध ओलांडून आवारात गेली. खेर्दाने तिला ओळखलं आणि हसू दाबलं. गावात बातमी सायकलवरून फिरते.

"मोठी बुडाली म्हणे?"

"बुडाली."

"या खेपेला जमीन कसली?"

"पाणी," मारिख्ये म्हणाली. "पाण्यावर काळा चिखल, चिखलावर कापड, कापडावर शिंपले, आणि शिंपल्यांवर मी."

खेर्दा आता हसत नव्हती. ती विचार करत यंत्रांच्या रांगेतून चालत गेली. "मग रूळ नको, उड्या मारणारा नको, मधलीसुद्धा नको. खोल जाणारी थरथर तुम्हाला नकोच. पाणी जागं होतं." कोपऱ्यात ती बारकी प्लेट उभी होती. "ही. वरच्यावर चालते, शिंपले एकमेकांत अडकवते आणि गप्प बसते. विटा घातल्यावर हिच्या बुडाला ही रबराची चादर लावा, विटांच्या कडा उडणार नाहीत. पण सांगते, हिला कोणी नेत नाही. पुरुषांना हिच्यामागे चालायची लाज वाटते."

"माझी होती नव्हती ती लाज रविवारी अख्ख्या गावाने बघून संपवली. द्या."

"मागच्या वेळी मी बायकांबद्दल बोलले ते—"

"ते चुकीचंच होतं," मारिख्ये म्हणाली. "पण यंत्राबद्दल मी त्याहून चुकले. फिटलं."

ते यंत्र तिने बागेच्या गाडीवर घालून स्वतः ढकलत नेलं. बास्त्यान दारातच होता.

"हे यंत्र आहे की त्याचं पिल्लू?"

"तुझ्या उरलेल्या थाळ्यांची कीव आली म्हणून आणलंय."

तिने शिंपल्यांचा पातळ थर घातला, पिल्लू त्यावरून फिरवलं, पुन्हा पातळ थर, पुन्हा फेरी. करकर, करकर, शिंपले मोडत, एकमेकांच्या कुशीत शिरत, घट्ट होत गेले. पाणी वर आलं नाही. त्याला कोणी हाकच मारली नव्हती. यंत्राची चाल दम्यासारखी एकसुरी होती, आणि त्या चालीवर मारिख्येच्या ओठांवर कुठून कोण जाणे आजोबांचं गाणं आलं. ह्या घरांचे खांब ठोकणाऱ्या टोळीत तिचे आजोबा पुढचं गाणारे होते. दोर ओढायला सगळे, पण ताल द्यायला एक. ते म्हणायचे:

ओढा रे दोर, सोडा रे दोर,
पाण्याशी भांडाया लाकडाचा जोर.
पाणी म्हणे ये रे, खांब म्हणे थांब,
तुझ्या खोलीहून माझा हट्ट रे लांब.

भिंतीपलीकडून बास्त्यान शेवटची ओळ बेसूर ओढायला लागला. त्याचे आजोबाही त्याच दोरावर होते.

वर बोटभर बारीक कच, तिच्यावर त्याच जुन्या विटा. पाण्याला घरापासून लांब वाहायला अगदी नकळत उतार. शेवटी रबराची चादर लावून पिल्लाची एक फेरी. उंबऱ्यापाशी पोचल्यावर मारिख्येने यंत्र बंद केलं. मग क्रेट उचलला आणि भिंतीशी नेऊन ठेवला.

*

पिंक्स्टरच्या सोमवारी लिडेवाईने कप स्वतः भरले, अगदी काठोकाठ. बाहेर एव्हर्ट आणि बास्त्यान खुर्च्यांवर अवघडून बसले होते.

"आई, अजून वेळ आहे. नको म्हणालीस तरी कोणी हसणार नाही."

"भर अजून. तो कोपऱ्यातला कप उणा आहे."

"मी दारात उभी राहते. तुला धरायला."

"धरायला नको. बघायला उभी राहा."

लिडेवाईने ओठ आवळले. एकाएकी तिचा आवाज उतरला. "तू तिथे पडून राहशील आणि मला संध्याकाळी कळेल, याची मला भीती वाटते. एवढंच आहे गं."

"माहीत आहे मला," मारिख्ये म्हणाली. "म्हणून तर नुसती भांडत बसले नाही, खणलं."

तिने ट्रे उचलला. नजर बांधावरच्या मेंढ्यांवर ठेवली. उंबरा आला, तो पावलाला ओळखीचा होता. मग एक पाऊल, आणि पाऊल जिथे असायला हवं तिथे जमीन होती. जणू कोणी हात पुढे केला होता. दुसरं पाऊल. कप बशीत किणकिणला नाही. मारिख्ये चालत गेली, ट्रे टेबलावर ठेवला आणि कंबरेवर हात देऊन वळली.

लिडेवाई दारात तोंडावर हात धरून उभी होती. "आई!" ती ओरडली आणि धावतच बाहेर आली. इतक्या वर्षांच्या सवयीने तिने पाऊल खोल, खूप खोल टाकलं. जमीन आधीच आली. लिडेवाई धाडकन हिंदकळली, एव्हर्टच्या खुर्चीला धडकली आणि दोन्ही हातांवर विटांवर पडली.

बास्त्यानने खुर्चीतून वाकून तिला नीट निरखलं.

"लिडेवाई," बास्त्यान गंभीरपणे म्हणाला, "शहरात एक जागा आहे म्हणतात. लिफ्टसुद्धा आहे."

आधी एव्हर्ट फुटला, मग मारिख्ये. लिडेवाई तशीच विटांवर बसून राहिली, हसावं की रडावं ते न ठरवता, आणि दोन्ही करत. तिचे तळवे विटांवर टेकलेले होते. विटा उन्हाने ऊबदार होत्या.

"हे पुन्हा खाली जाईल ना?" तिने विचारलं.

"जाईल. हळू जाईल, पण जाईल. इथे सगळं जातं. मग मी पुन्हा उचलीन. आणि मला नाही जमलं, तर तू उचलशील. यंत्र कुठलं आणायचं ते मी खुर्चीत बसून सांगीन."

लिडेवाईने नाक ओढलं. "उद्या कचेरी उघडली की नाव काढते."

"कागदावरचं उद्या काढ. मनातलं आत्ता."

"काढलं," लिडेवाई म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. मारिख्येने हात दिला आणि लेकीला उठवलं.

कॉफी निवली होती, तरी सगळ्यांनी प्यायली. मग बास्त्यान कुंपणाशी गेला. आता त्याचं अंगण तिच्या अंगणाच्या पार खाली दिसत होतं. "मारिख्ये, तो क्रेट मला दे. तुझ्याकडे यायचं तर आता चढावं लागेल."

"क्रेट कशाला? तुझंही उचलू की."

"खरंच? मग त्या खेर्दाकडे मीच जातो. काय सांगायचं तिला?"

"ती विचारेल, जमीन कसली. नीट सांग."

बास्त्यानने आपल्या अंगणाकडे पाहिलं. टाळूवरून हात फिरवला. मग त्याच्या बापाने, आजोबांनी, गावातल्या कोणीही दिलं असतं तेच उत्तर त्याने दिलं.

"वाळू."

मारिख्येने भिंतीशी टेकवलेलं फावडं उचललं आणि कुंपणावरून त्याच्या हातात दिलं.